बर्फावर उभा राहिलेला बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. माझा एक पाय आखूड आहे, फळीला चीर गेली आहे आणि कोणी बसलं की मी करकरतो. हे सगळं आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको. आमच्या गावात नाक मुरडण्याला फार अर्थ असतो. तो पुढे कळेलच.

माझं गाव अमेरिकेच्या अगदी उत्तरेला, अलास्कात, एका मोठ्या नदीच्या काठी आहे. तिथे युपिक लोक राहतात. गावात यायला रस्ता नाही. उन्हाळ्यात होडीने यायचं, हिवाळ्यात नदी गोठली की स्लेजने किंवा छोट्या विमानाने. गावाभोवती एकही झाड नाही, तरी मी मात्र लाकडाचा! कारण मी आलो नदीतून. दूर वरच्या अंगाला जंगल आहे, तिथे मी स्प्रूसचं झाड होतो. एका वसंतात नदीवरचा बर्फ फुटला, काठ ढासळला आणि मी धाडकन पाण्यात पडलो. वाहत वाहत, आपटत, साल सोलून घेत गावाच्या किनाऱ्याला लागलो.

तिथे वाहून आलेला ओंडका म्हणजे सोनं. चांगला निघाला तर घराला नाहीतर स्लेजला, वाईट निघाला तर स्टीम बाथच्या चुलीत. माझं काय करायचं यावर किनाऱ्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी एका म्हाताऱ्याने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हा शाळेला."

त्याला कारण होतं. त्याचा मुलगा वॅसिली लहान असताना गावात शाळा नव्हती. त्याला शेकडो मैल दूर वसतिगृहाच्या शाळेत नेलं होतं. पोरगा परत आला तेव्हा उंच झाला होता, इंग्रजी फाडफाड बोलत होता आणि आईशी बोलायला त्याच्याकडे शब्दच उरले नव्हते. म्हातारा ते विसरला नाही. गावात शाळा उभी राहू लागली तेव्हा तो म्हणाला, "पोरांना बसायला जागा असेल, तर पोरं इथेच राहतील." म्हणून त्याने मला लांबलचक केलं. बसायला पाठीमागे फळी आणि लिहायला पुढे दाराएवढी रुंद फळी. लोक हसले. म्हातारा म्हणाला, "डॉक्टर आला तर त्याला माणूस आडवा करायला जागा नको का?"

आणि झालंही तसंच. सकाळी माझ्यावर बेरजा-वजाबाक्या व्हायच्या, आणि डॉक्टरांचं विमान आलं की त्याच फळीवर बाळांना टोचायचे, म्हाताऱ्यांची छाती तपासायचे, दातवाले दात उपटायचे. शाळा आणि दवाखाना दोन्ही मीच. एरवी गावाचं दुखणंखुपणं आरोग्यसेविका मार्था बघायची. ती गावातलीच बाई. शाळेच्या भिंतीवर गावातला एकुलता एक फोन होता, त्यावरून ती रोज दूरच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना विचारून औषध द्यायची.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या शाळेत सुमेधाबाई आल्या. मूळच्या नागपूरच्या. मिशिगनमध्ये शिकल्या आणि तिथून थेट आमच्याकडे. त्यांचा भाऊ अमित मिशिगनमध्येच, नोव्हायला, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता. त्याचा फोन आला की बाई माझ्यावर टेकून बोलायच्या.

"नाही रे अमित, इथे बोअर नाही होत मला," एकदा त्या म्हणाल्या. "हे बघ यार, नोव्हायला इंजिनिअर भरपूर आहेत. इथे टीचर मी एकटी आहे. आपली आई शाळेत पोचायला किती भांडली ते तुला माहितेय ना? मग? आणि गोडा मसाला पाठव, संपलाय."

मला मराठी कशी येते, असं तुम्हाला वाटत असेल, तर ती अशी आली. बाई वह्या तपासताना माझ्याशीच मराठीत पुटपुटायच्या. लाकूड सावकाश शिकतं, पण शिकलेलं विसरत नाही.

सुरुवातीला बाईंच्या नाकी नऊ आले. त्या फळ्यावर गणित सोडवायच्या आणि विचारायच्या, "समजलं का?" वर्ग चिडीचूप. पुन्हा सांगायच्या, पुन्हा विचारायच्या, पुन्हा तेच. "पालथ्या घड्यावर पाणी," त्या मला म्हणायच्या. शेवटी मार्थाने त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "अहो, मुलं मघापासून हो म्हणताहेत. आमच्याकडे भुवया उंचावल्या की हो, आणि नाक मुरडलं की नाही."

बाई कपाळावर हात मारून हसल्या. पण फिट्टंफाट झाली. मुलांना कळेना की या बाई मान अशी डावी-उजवीकडे डोलवतात ती हो म्हणून की नाही म्हणून! थोड्या दिवसांनी सगळा वर्गच गंमत म्हणून नागपुरी मान डोलवू लागला. चौदा एप्रिलला बाई प्रत्येकाला नवी पेन्सिल द्यायच्या आणि सांगायच्या, हा शिकण्याचा दिवस. मुलांना वाटायचं, ही सबंध अमेरिकेची सुट्टी आहे.

आता ओलिंकाबद्दल सांगतो. ती वॅसिलीची मुलगी, म्हणजे मला घडवणाऱ्या म्हाताऱ्याची नात. वय सात-आठ. गोल चेहरा, कपाळावर केस, आणि भुवया अशा तत्पर की काही विचारा, वर! समजलं? भुवया वर. लिहून झालं? भुवया वर. वही मात्र कोरी. गावात गप्प मूल म्हणजे शहाणं मूल. मोठ्यांच्या मध्ये मध्ये बोलत नाही, चुरूचुरू उत्तरं देत नाही, म्हणून सगळे तिचं कौतुक करायचे. दर हिवाळ्यात तिचे कान फुटायचे, पण कान तर गावातल्या निम्म्या पोरांचे फुटायचे. मार्था औषधाचे थेंब घालायची आणि कान वाहायचा थांबला की सगळे विसरायचे.

मला मात्र दुसरंच काही माहीत होतं. ओलिंका येऊन बसली की हनुवटी माझ्या फळीवर घट्ट टेकवायची. बाई पाढे शिकवताना माझ्यावर पट्टीने ताल धरायच्या, आणि तो ताल माझ्या लाकडातून तिच्या हनुवटीत शिरायचा. तेवढ्या वेळात तिचे डोळे चमकायचे. ती माझ्यातून ऐकत होती, मित्रांनो! तिच्या कानांनी दार लावून घेतलं होतं, म्हणून पोर हाडांनी ऐकत होती.

आणि बाई काय म्हणायच्या? "ओलिंका, सिट स्ट्रेट!"

मी इतका संतापायचो की करकर करकर करायचो. पण बाकाच्या करकरण्याकडे कोण लक्ष देतं? बाईंनी एकदा माझ्या सांध्यात पुठ्ठ्याची घडी कोंबली, बस्स.

त्या हिवाळ्यात शाळाखात्याच्या एक अधिकारी बाई विमानाने आल्या. त्यांनी ओलिंकाची कोरी वही पाहिली, दोन-चार प्रश्न विचारले, भुवया पाहिल्या. त्यांनाही त्या भुवयांचा अर्थ ठाऊक होता, म्हणून त्या जास्तच फसल्या. त्या म्हणाल्या, "मुलगी सगळं ऐकते, पण तिला समजत काहीच नाही, म्हणजे तिची बुद्धी मंद आहे. शहरात अशा मुलांसाठी वसतिगृहाची शाळा आहे. नाताळची सुट्टी संपली की शुक्रवारच्या विमानाने तिला पाठवू." सुमेधाबाईंनाही वाटलं, कदाचित तिथे तिचं भलं होईल.

वॅसिलीला बोलावून सांगितलं. त्याने भुवया उंचावल्या नाहीत, नाकही मुरडलं नाही. बापाने घडवलेल्या माझ्या फळीवरून त्याने एकदा हात फिरवला आणि तो निघून गेला. ज्या हाताने मला घडवलं तो हात मला आठवला. पोरं इथे राहावीत म्हणून मला बनवलं होतं, आणि माझ्यावरूनच त्या घरातलं पोर उचलून नेणार होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुट्टी संपली. त्या शुक्रवारच्या आधीच्या सोमवारी बाई वर्गाला हसवत होत्या. हिवाळ्याच्या अंधारात पोरं मरगळतात, म्हणून त्या वेडेवाकडे प्रश्न विचारायच्या. "आज जेवण झाल्यावर आपण सगळे पंख लावून नागपूरला उडत जायचं का?"

सगळ्या वर्गाने खिदळत नाक मुरडलं. ओलिंकाने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि गंभीरपणे भुवया उंचावल्या.

पोरं आणखी हसली. बाईही हसल्या. आणि मग हसता हसता थांबल्या. त्या सावकाश चालत ओलिंकाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"ओलिंका," त्यांनी हाक मारली. काही नाही. "ओलिंका!" पलीकडची पोरं दचकली, ओलिंका तशीच. हनुवटी माझ्यावर, डोळे फळ्याकडे. मग बाईंनी हात लांबवून माझ्या टोकाला बोटाने हलकेच टकटक केलं.

ओलिंका झटकन वळली.

इतके दिवस मी जे ओरडून सांगत होतो, ते बाईंना त्या क्षणी कळलं. त्या माझ्यावर मटकन बसल्या. "अगं बाई," त्या मराठीत म्हणाल्या, "हिला ऐकूच येत नाही. आणि मी हिला सरळ बस म्हणत होते."

त्याच दुपारी त्यांनी फोन धरला. अधिकारी बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी तपासून कानाचा दोष आहे असं सांगितलं, तर थांबवू. नाहीतर शुक्रवार ठरलेला आहे." कानाचे डॉक्टर हिवाळ्यातून एकदाच फेरीवर यायचे आणि नशिबाने ती फेरी याच आठवड्यात होती. डॉक्टर होते ज्ञानदेव, पुण्याकडचे. गावकरी त्यांना डॉक्टर डी म्हणायचे. बुधवारी ते आमच्याकडे येणार होते. बुधवारी सकाळी फोन वाजला. आमचा फोन असा खणखणीत की पलीकडचं बोलणं अख्ख्या खोलीला ऐकू यायचं.

"सुमेधाताई, सॉरी, ट्रिप कॅन्सल केलीय. पायलट म्हणतो, तुमच्याकडे सगळं व्हाइट आहे. आकाश कुठे संपतं नि नदी कुठे सुरू होते तेच कळत नाही. लँड कसं करणार?"

"वारा आहे का?"

"वारा नाही. दिसत नाही, एवढंच."

"मग दिसेल असं करते. त्याला काय दिसायला हवं?"

"काहीतरी डार्क. नदीच्या बर्फावर, दोन्ही बाजूंनी ओळीत. म्हणजे जमीन किती खाली आहे ते त्याला जज करता येईल. पण तुमची तेलाची पिंपं तर बर्फाखाली गाडली गेलीत ना? काळं काय ठेवणार ताई तुम्ही?"

"शाळा," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे अख्खी शाळा आहे. त्याला म्हणावं, जेवणाच्या वेळेपर्यंत ये."

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मार्था घराघरांत सांगत धावली. शाळा रिकामी व्हायला लागली. बाक निघाले, खुर्च्या निघाल्या, फळा निघाला, चुलीचं धुराडं निघालं, बाईंची नागपूरहून आणलेली काळी ट्रंक निघाली. लोक काय काय घेऊन येत होते! कुणी कढया, कुणी सीलची कातडी, एका आजीने तर स्वतःचा काळा कोट काढून दिला आणि ती ब्लँकेट गुंडाळून उभी राहिली. थंडी अशी की श्वासाचा बर्फ भुवयांवर जमत होता.

मला उचलायला कोणी धजेना, मी भारी. वॅसिलीने एकट्याने मला पाठीवर घेतलं आणि नदीवर नेलं. अगदी पहिल्या जागेवर ठेवलं, जिथे विमान जमिनीला टेकणार तिथे. बाई म्हणाल्या, "वॅसिली, विमान याला लागेल. तुमच्या वडिलांची खूण आहे ही."

"बाबांनी हा पोरांना इथे ठेवायला केला होता," वॅसिली म्हणाला. "ठेवू दे त्याला."

मग सगळे काठावर गेले आणि मी त्या पांढऱ्या पसाऱ्यात एकटा उभा राहिलो. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. पण मनाशी म्हटलं, नदीच्या वरच्या अंगाला झाड होतास तेव्हा काठ ढासळला आणि पडलास, आता पडायचं नाही.

घरघर ऐकू आली. ढगातून विमान उतरलं, माझ्या डोक्यावरून गेलं, आणि न टेकता वर उडालं. घरघर लांब लांब गेली, बारीक झाली, विरली. काठावरच्या लोकांच्या माना खाली गेल्या. वॅसिलीने तोंड फिरवलं. एकटी ओलिंका तेवढी अजून वर बघून दोन्ही हात हलवत होती. विमान गेल्याचं तिला ऐकूच आलं नव्हतं. ते येणार, एवढंच तिला माहीत होतं. तिला हात खाली घ्यायला सांगण्याची कुणाची हिंमत होईना.

आणि ते आलं! पायलटने आधी फक्त ओळी पाहून घेतल्या होत्या. दुसऱ्या खेपेला विमान सरळ माझ्याकडे आलं. बर्फावर घसरण्यासाठी चाकांऐवजी लावलेली त्याची एक लांब पट्टी टेकताना माझ्या पायाला घासली, कडाड आवाज झाला आणि पायाचा तुकडा उडाला. माझा आखूड पाय त्या दिवसाचा आहे. त्याला पुठ्ठा लावा हवा तर, पण हसू नका.

डॉक्टर ज्ञानदेव उतरले ते म्हणतच, "ताई, अख्खी शाळा नदीवर काढलीत? यू आर टू मच!" मला आत आणलं, बर्फ झटकला, आणि ओलिंका माझ्या फळीवर आडवी झाली. डॉक्टरांनी तिच्या कानांत डोकावून पाहिलं. मग पिशवीतून नादकाटा काढला, ठोकला आणि तिच्या कानाजवळ धरला. ओलिंकाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सवयीने भुवया उंचावल्या.

"तिला डोळे मिटायला सांगा," बाई मार्थाला म्हणाल्या. मार्थाने खुणेने सांगितलं. डोळे मिटल्यावर नादकाटा कितीही गुणगुणला तरी भुवया हलेनात. मग डॉक्टरांनी त्याचा दांडा तिच्या कानामागच्या हाडावर टेकवला. ओलिंकाने खाडकन डोळे उघडले. तिचं तोंड उघडं राहिलं. असं हसू मी माझ्यावर बसलेल्या कुठल्याच पोराच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

"नस एकदम ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "पडद्यामागे घट्ट पाणी साचलंय, कधीपासून कोण जाणे. छोटं ऑपरेशन, पडद्यात बारीक नळी बसवायची. हे आधीच कुणीतरी कॅच करायला हवं होतं."

"कुणीतरी म्हणजे मीच," बाई म्हणाल्या. "फोन घ्या डॉक्टर. अधिकारी बाईंना आत्ता सांगा, माझ्यासमोर."

डॉक्टरांनी सांगितलं. शुक्रवार रद्द झाला. पण ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात जावंच लागणार होतं. वॅसिली दारात उभा होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "ती परत येईल?"

त्या प्रश्नात किती वर्षं होती, हे गावाला ठाऊक होतं. डॉक्टर काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "तुम्ही बरोबर जा वॅसिली. तिला घेऊन जा आणि तुम्हीच तिला घेऊन या."

तो गेला आणि घेऊनही आला. परत आल्यावर ओलिंका पहिल्यांदा माझ्यावर बसली, मी नेहमीप्रमाणे करकरलो, आणि ती दचकून उठली. "टीचर!" ती मोठ्याने म्हणाली, "हा बाक किती ओरडतो!" इतक्या वर्षांत माझी तक्रार करणारी ती पहिलीच. मला इतका आनंद झाला की मी आणखी करकरलो. वर्षभरात तिची वही भरली आणि तोंडाचा पट्टा असा सुरू झाला की बाईच म्हणू लागल्या, "बाई गं, जरा गप्प बस!"

दिवस सरले. गावात नवी शाळा झाली, बोटीतून लोखंडी पायांची चकचकीत टेबलं आली. सुमेधाबाई दुसऱ्या गावच्या शाळेत गेल्या, तिथे शिक्षक टिकत नव्हते. आणि मला जाळी ठेवायच्या झोपडीत लोटलं. माशांचा वास, ओल, अंधार. कुणी नीट पुसलंसुद्धा नाही. एका हिवाळ्यात स्टीम बाथला लाकूड कमी पडलं, तेव्हा माणसं करवत घेऊन आली. त्यांना काय माहीत मी कोण! म्हातारा गेलेला, वॅसिली मासेमारीला. करवतीचे दात माझ्या फळीला लागले. ती चीर अजून आहे.

तेवढ्यात दारात ओलिंका आली. चांगली उंच झाली होती. एकाने तिला विचारलं, "हा जुना आहे ना? तोडू ना?"

आयुष्यभर भुवया उंचावणाऱ्या त्या मुलीने नाक मुरडलं. आणि कुणाला कळलं नसेल म्हणून मोठ्याने म्हणालीसुद्धा, "नाही!"

आता मी गावाच्या नव्या दवाखान्यात आहे. ओलिंका मार्थाच्या हाताखाली आरोग्यसेविकेचं काम शिकते आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गातही एखादं मूल गप्प असेल. ते शहाणं असेल, लाजरं असेल किंवा नुसतंच हो म्हणत असेल. त्याला सरळ बस म्हणण्याआधी एकदा त्याच्या मागे जाऊन हाक मारून बघा. आणि आमच्यासारखी जुनी लाकडं चुलीत घालण्याआधी विचारा, यांनी काय काय ऐकलं आहे.

गावातलं प्रत्येक लहान मूल पहिल्यांदा माझ्यावर येऊन बसतं. ओलिंका त्याला समोरून प्रश्न विचारते, तेव्हा सगळ्यांच्याच भुवया वर जातात. मग ती मागे जाऊन हळूच विचारते. त्याचं उत्तर मुलाने माझ्यावर टकटक करून द्यायचं असतं. बहुतेक मुलं लगेच टकटक करतात. एखाद्या वेळी फळी गप्प राहते. मग ओलिंका त्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवते आणि फोनकडे जाते.